बाळ दिवसभर अंगावर असतं तरी वजन वाढत नाहीये, काय करू?

पारिजातक
नमस्कार. इतके दिवस नुसती वाचायचे इथे, आज पहिल्यांदा लिहितेय कारण आता डोकंच चालेनासं झालंय. पहिलं बाळंतपण, सध्या माहेरी सांगलीजवळ आहे. मुलगी झाली, सिझर झालं, ३७ आठवडे नुकतेच पूर्ण झाले होते. जन्माचं वजन २.९ किलो. चौथ्या दिवशी घरी सोडलं तेव्हा २.६६ होतं, सिस्टर म्हणाल्या सगळ्याच बाळांचं सुरुवातीला उतरतं, घाबरू नका. काल अठराव्या दिवशी टाके दाखवायला गेले तेव्हा तिचंही वजन केलं तर २.७८. म्हणजे अजून जन्माच्या वजनाला पण पोचली नाही. डॉक्टरांनी डब्याचं दूध लिहून दिलं आणि पुढच्या पेशंटला हाक मारली, माझे प्रश्न घशातच राहिले.

मला समजत नाही ते हे की ती दिवसभर अंगावरच असते हो. पाऊण पाऊण तास पिते, पिता पिता झोपते, खाली ठेवलं की पाच मिनिटात परत रडायला लागते, परत घेते, हेच चालू. रात्री मात्र चार चार तास सलग झोपते, सगळे म्हणतात किती गुणी बाळ आहे. मग वजन का वाढत नाही? आई म्हणते तुझं दूध पातळ आहे, अंगी लागत नाही. सासूबाईंचा रोज फोन, बाळसं धरलं का, आमच्याकडची सगळी बाळं कशी गुटगुटीत होती वगैरे. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, बाजरीची भाकरी, शतावरी सगळं गिळतेय. मालीशवाल्या मावशी म्हणतात गुटी सुरू करा पंधरा दिवसात बाळ भरतंय बघा.

दूध खरंच पातळ असतं का कुणाचं? आणि डबा सुरू केला की अंगावरचं आटतं म्हणतात ते खरंय का? मला शक्यतो अंगावरच पाजायचंय पण पोर उपाशी ठेवून नाही. कुणीतरी नीट सांगा प्लीज, रात्री दोनला टाईप करतेय चुका समजून घ्या.

---

उंबरठा
अगं आधी अभिनंदन, लेक झाली. आणि हे रडू येणं वगैरे या दिवसात सगळ्यांना येतं. दोन मुलांच्या अनुभवावरून एकच विचारते, शू किती वेळा होते दिवसातून? शी कशी होतेय, पिवळी की अजून काळपट हिरवट? डायपर लावतेस का? पाजताना दुखतं का? हे सांग म्हणजे पुढचं कुणीतरी सांगू शकेल. नुसत्या वजनावरून काही कळत नाही, अंगावर किती वेळ आहे यावरून तर अजिबातच नाही.

---

गोदाकाठ
ताई घाबरू नका, आमच्या घरी तीन पिढ्या बाळगुटीवर वाढल्या. वेखंड, मुरुडशेंग, जायफळ, हळकुंड, बाळहिरडा आईच्या दुधात उगाळून मोजून चार चार वेढे द्यायचे आणि वरून बोटभर मध. पोट साफ राहतं, भूक लागते. आणि तुम्ही गार काही खाऊ नका, ताक, केळी बंद, दूध पातळ होतं त्याने. उन्हाळा आहे तर दोन चमचे उकळलेलं पाणीही द्या.

---

उंबरठा
मध नको हं. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध द्यायचाच नाही, त्यातून बोट्युलिझम (जंतूंच्या विषाने अंग लुळं पडण्याचा आजार) होऊ शकतो, दुर्मीळ असला तरी फार वाईट असतो. पाणी पण नको, सहा महिन्यांपर्यंत पाणी लागत नाही, आईच्या दुधात ऐंशी-पंच्याऐंशी टक्क्यांच्या वर पाणीच असतं. ज्या पोराचं पोट आधीच लिंबाएवढं आणि वजन वाढत नाहीये त्याच्या पोटातली जागा पाण्याने का भरायची. गोदाकाठ, राग मानू नका.

---

पारिजातक
उंबरठा ताई धन्यवाद. डायपर लावतो त्यामुळे नक्की सांगता येत नाही, पण दिवसभरात चारेक डायपर जातात. शी पिवळी आहे पण थोडी थोडी, दिवसाला एकदा, कधी नाहीच. दुखतं का म्हणजे... दुखतं हो. डावीकडे तर चीर पडलीय. तोंडातून सोडल्यावर निपल लिपस्टिकच्या टोकासारखं तिरकं चपटं झालेलं असतं. मला वाटलं पहिल्या महिन्यात असंच असतं, आई पण म्हणाली सगळ्यांना दुखतं.

आणि एक, दहा साडेदहाला मालीश आंघोळ होते, मावशी धुरी देऊन दुपट्यात घट्ट गुंडाळून देतात, मग ती थेट अडीच तीनला उठते.

---

रातपाळी
मी पुण्यात प्रसूतीनंतरच्या वॉर्डात नर्स आहे, बरीच वर्षं. हे वाचून लॉगिन केलं. लांब लिहिणार आहे, तुम्ही पाजता पाजता वाचा.

पहिलं, जे थांबवता येणार नाही ते. अठरा दिवस झाले आणि जन्माचं वजन परत आलेलं नाही, शू चार वेळा, शी एकदा. हे "बघू आठवडाभर" वालं प्रकरण नाही. उद्या, म्हणजे आता उजाडल्यावर, बालरोगतज्ज्ञांकडे जा. टाके बघणाऱ्या डॉक्टरांकडे नाही, मुलांच्या डॉक्टरांकडे. जन्मानंतर सात ते दहा टक्के वजन उतरणं ठीक, तुमच्या बाळाचं आठेक टक्के उतरलं, तेही सिझरमध्ये आईला सलाईन खूप दिलेलं असतं त्यामुळे कधीकधी जन्माचं वजनच थोडं फुगलेलं असतं. तिथपर्यंत काळजी नाही. पण साधारण दहा ते चौदा दिवसात ते भरून निघायला हवं आणि चौथ्या पाचव्या दिवसापासून रोज वीस ते तीस ग्रॅम वाढ हवी. तुमची चौदा दिवसात १२० ग्रॅम, म्हणजे रोजची आठ-नऊ ग्रॅम. वेगळ्या काट्यावर केलं असेल तर पन्नास-शंभर ग्रॅमचा फरक पडू शकतो, पण तरी कमीच. डॉक्टर कावीळ बघतील, छाती ऐकतील, जीभ खाली चिकटलेली आहे का, टाळू नीट आहे का ते बघतील, गरज वाटली तर लघवीची तपासणी, थायरॉइड करतील. लघवीचं इन्फेक्शन किंवा हृदयाचा प्रॉब्लेम असला तरी पहिलं लक्षण हेच असू शकतं, वजन वाढत नाही. पिताना कपाळाला दरदरून घाम येतो का, धाप लागते का, ते आवर्जून सांगा.

आणि यातलं काही दिसलं तर उजाडायची पण वाट बघू नका: उठवूनही न उठणं, अजिबात न ओढणं, आठ-आठ तास शू नाही, शूचा विटकरी डाग, तळपाय पिवळे, अंग तापलेलं किंवा उलट गार पडलेलं, हिरवी उलटी.

आता दुसरं. तुमचं दूध पातळ नाही. कुणाचंच "पातळ म्हणून अंगी न लागणारं" नसतं. सुरुवातीला येतं ते पाणीदार दिसतं, छाती जसजशी रिकामी होते तसतशी त्यात चरबी वाढत जाते, एकाच दुधाचं हे असं होतं. बाळाला वरवरचं मिळालं आणि ते दमून झोपलं तर साय कुठून मिळणार. तेव्हा प्रश्न दुधाचा नाही, दूध बाळाच्या पोटात पोचत नाहीये हा आहे. तुम्ही लिहिलेलं निपल चपटं होणं, चीर, पाऊण तास पिऊनही पाच मिनिटात रडणं, हे सगळं एकाच गोष्टीकडे बोट दाखवतंय: ती नुसतं निपल धरतेय, पकड उथळ आहे. अंगावर असणं आणि पिणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, वॉर्डात मी हे रोज दहा वेळा बोलते.

आणि रात्री चार तास झोपते ती गुणी म्हणून नाही हो. ३७ आठवड्यांची बाळं पूर्ण वाढलेली दिसतात पण झोपाळू असतात, भूक लागली तरी उठत नाहीत. पोटात कमी गेलं की ताकद वाचवायला अजून झोपतात, झोपली की अजून कमी जातं. इकडे दूध छातीत साचून राहतं, आणि साचलं की शरीराला कळतं की मागणी नाही, मग ते कमी बनवतं. अळीव खाऊन हे चक्र तुटत नाही, छाती रिकामी होण्याने तुटतं.

तर सध्या तिच्या रडण्याची वाट बघू नका. दर दोन ते अडीच तासांनी, रात्रीसुद्धा तीनच्या वर नाही, उठवून घ्या. चोवीस तासात कमीत कमी आठ, दहा-बारा झाले तर उत्तम. मालीश झाली की गुंडाळायच्या आधी पाजा. मावशींना सांगा धुरी बंद, त्या धुराने इवल्या फुप्फुसांचं काही भलं होत नाही, आणि बाळंतिणीच्या बंद खोलीत कोळशाची शेगडी असेल तर तीही बाहेर काढा. उठवायला दुपटं सोडा, कपडे काढा, लंगोट बदला, तुमच्या उघड्या छातीवर पालथी ठेवा, वरून शाल. कातडीला कातडी लागली की बाळ आपोआप हुंगायला लागतं आणि तुमचाही पान्हा फुटतो.

पकड कशी, हे लिहून सांगणं अवघड आहे तरी सांगते. डावीकडे पाजायचं तर बाळाला उजव्या हातावर घ्या, तिचं पोट तुमच्या पोटाला चिकटलेलं, मान वळलेली नको. तुमचा अंगठा आणि बोटं तिच्या कानामागे मानेला आधार देतील, डोकं मागून दाबायचं नाही. डाव्या हाताने स्तन खालून यू सारखा धरा. तिचं नाक निपलच्या समोर येईल असं आणा, वरच्या ओठावर निपल टेकवा आणि थांबा. जांभईएवढं तोंड उघडेपर्यंत थांबा, हीच गोष्ट कुणी करत नाही, अर्धं उघडलं की कोंबतात. उघडलं की हनुवटी आधी खाली रुतवायची, मग बाकीचं तोंड, पटकन. नीट लागलं तर हनुवटी छातीत रुतलेली, नाक मोकळं, खालचा ओठ बाहेर वळलेला, काळा भाग वरच्या बाजूला जास्त दिसतो आणि खाली कमी. आणि दुखत नाही. पहिले काही सेकंद ओढ जाणवेल, त्यानंतरही दुखत असेल तर करंगळी तोंडाच्या कोपऱ्यातून घालून सोडवा आणि परत लावा. सिझरच्या टाक्यांवर वजन येत असेल तर बाळाला बगलेतून धरा, पाय मागे. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलवर स्तनपानाचे व्हिडिओ मराठीत आहेत, फुकट, डॉ. रुपल दलाल यांचं काम आहे ते. वॉर्डात आम्ही बायकांना तेच दाखवतो. आईला आणि सासूबाईंनाही सोबत बसवून बघा.

पितेय का हे कसं ओळखायचं: सुरुवातीला भराभर छोटे चोखे असतात, मग दूध आलं की हनुवटी खाली जाऊन क्षणभर थांबते आणि बारीक "क्‌" असा गिळण्याचा आवाज. एक-दोन चोख्यांमागे एक घोट. घोट थांबून नुसती चुळबुळ सुरू झाली की घड्याळ कितीही सांगू दे, ती पीत नाहीये. तेव्हा स्तन हाताने दाबून धरा, दूध तोंडात जाईल, ती परत गिळेल, थांबली की सोडा, परत दाबा. त्यानेही होईना की दुसरी बाजू.

बाकी डॉक्टरांना दाखवून आल्यावर लिहा. डायपर एक-दोन दिवस बंद करून कापडी लंगोट वापरा, मोजणी तरी खरी होईल. सहा किंवा जास्त भिजलेले लंगोट, शू पाण्यासारखी, शी तीन-चार वेळा पिवळी, एवढं दिसायला हवं.

---

बर्फाळ_बाबा
रातपाळी यांनी सगळंच लिहिलंय. मी जर्मनीत असतो, आमच्याकडे पहिल्या पोराच्या वेळी हेच झालं होतं. इथे बाळंतपणानंतर हेबामे म्हणजे सुईण घरी येते, सुरुवातीला जवळजवळ रोज, विम्यातच असतं ते, झोळीचा काटा घेऊन यायची. तेव्हा वाटायचं भारतात असं काही नाही. नंतर बहिणीकडून कळलं की आपल्याकडे आशाताई पण घरी येतात की नवजात बाळासाठी, ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी, आणि त्यांच्याकडे काटा असतो. पारिजातक, तुमच्याकडे आल्या होत्या का? नसतील तर बोलवा, माहेरच्या गावच्या आशा पण येतात, सासरचंच नाव लागतं असं काही नाही.

एक सल्ला मात्र बाबा म्हणून देतो. घरी काटा आणून दर फीडच्या आधी-नंतर वजन करत बसू नका. आम्ही केलं ते, एक्सेल शीट पण होती 😅 आणि त्या आकड्यांनी बायकोची झोप उडाली. बाथरूम काट्यावर बाळाला घेऊन उभं राहून वजाबाकी करणं तर विसराच, तो शंभर ग्रॅम इकडे तिकडे दाखवतो आणि इथे हिशोब वीस ग्रॅमचा आहे. एकच काटा, उघडं बाळ, तीन-चार दिवसातून एकदा, बस.

---

कळसूबाई७
विषयाला थोडं सोडून पण बायकांनी स्वतःची तपासणी पण करून घ्यावी. माझ्या जावेचं असंच होतं, पकड चांगली, पाजायची पण भरपूर, तरी दूध येईना. तिचं थायरॉइड बिघडलेलं निघालं, गोळीचा डोस ठीक केल्यावर फरक पडला. बाळंतपणात खूप रक्त गेलं असेल, वार अर्धवट राहिली असेल, पीसीओएस असेल, स्तनाचं ऑपरेशन झालेलं असेल तरी दूध कमी येऊ शकतं असं तिच्या डॉक्टरांनी सांगितलेलं. सगळ्यांनाच "मन प्रसन्न ठेव येईल दूध" म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. आणि मेडिकलमधून दूध वाढायच्या गोळ्या मनाने आणू नका, डोम्पेरिडोन वगैरे हृदयाच्या ठोक्यावर परिणाम करू शकतं, डॉक्टरांनीच ठरवायचं ते.

---

पारिजातक
सगळ्यांचे खूप आभार. जाऊन आलो. डॉक्टर (या वेगळ्या, लहान मुलांच्या) अर्धा तास बोलल्या. कावीळ थोडी आहे पण मशीनमध्ये ठेवण्याइतकी नाही. जीभ ठीक, हृदय ठीक, लघवी तपासायला दिलीय. त्यांनी मला त्यांच्यासमोर पाजायला लावलं आणि पाहिल्या पाहिल्या म्हणाल्या फक्त टोक धरतेय. हनुवटी खाली रुतवून परत लावली तर खरंच नाही दुखलं! आणि तो क्‌ आवाज मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. पाच-सात मिनिटं ऐकला मग झोपली परत.

त्यांनी सांगितलं सध्या अंगावर पाजून झालं की दर वेळी वरून वीस ते तीस मिली द्यायचं, आधी माझंच काढलेलं, कमी पडलं तर डबा. चार दिवसांनी परत वजन. आता पंप आणलाय हाताचा पण त्यातून जेमतेम दहा-पंधरा मिली निघतं आणि मला रडू येतं ते बघून. म्हणजे दूध नाहीच ना मला? आणि बाटलीने द्यायचं का?

---

रातपाळी
लगेच गेलात ते फार बरं केलंत, आणि डॉक्टर चांगल्या भेटल्या.

पंपातून निघतं तेवढंच दूध आहे असं नसतं. बाळ नीट पिऊन झाल्यावर उरलेलं काढताय तुम्ही, दहा-पंधरा मिली म्हणजे चांगलंच की. पंपासमोर पान्हा फुटायला सगळ्यांनाच वेळ लागतो. आधी गरम पाण्यात पिळलेल्या फडक्याने शेका, हलक्या हाताने चोळा, आणि हाताने काढायला शिका, बऱ्याच जणींना पंपापेक्षा हाताने जास्त निघतं. अंगठा आणि बोटं काळ्या भागाच्या कडेला ठेवायची, आधी छातीच्या फासळ्यांकडे दाबायचं मग एकमेकांकडे, कातडीवरून घासायचं नाही. पहाटे जास्त निघतं, तेव्हा जरूर काढा. बाटलीकडे बघत बसू नका, त्यावर टोपडं घाला बाळाचं, खरंच सांगतेय, आमच्याकडे बायका करतात.

द्यायला बाटली नको सध्या, पकड आत्ता कुठे सुधारतेय. बोंडलं, म्हणजे चोचीची छोटी वाटी, आहे का घरात? आजीकडे असेल चांदीचं किंवा स्टीलचं. नाहीतर साधी छोटी वाटी आणि चमचा. वापरायच्या आधी उकळून घ्यायचं. बाळाला बसतं धरा, बोंडल्याची चोच ओठाच्या कोपऱ्याशी टेकवा आणि तिला स्वतःला ओढू द्या, घशात ओतू नका. काढलेलं दूध खोलीत चार तास चालतं, उन्हाळ्यात खोली खूप तापत असेल तर त्याच्या आत संपवा, फ्रीजमध्ये आत मागच्या बाजूला एक दिवस ठेवा. दारात नाही. गरम करायचं तर गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये नाही, कोमट पाण्याच्या भांड्यात वाटी ठेवून.

वेळेचं गणित असं करा: दोन्ही बाजू मिळून वीस-तीस मिनिटं, ती पण घोट चालू असेपर्यंत. मग वरचं आईने किंवा नवऱ्याने बोंडल्याने पाजायचं आणि तेव्हा तुम्ही दहा-पंधरा मिनिटं दूध काढायचं. सगळं मिळून तासाभराच्या आत. नाहीतर एक फीड संपत नाही तोच दुसरं येतं आणि आठ दिवसात तुम्हीच आडव्या व्हाल. हे कायमचं नाही, थोड्या दिवसांचं आहे, आणि एकटीने करायचं काम पण नाही. भांडी उकळणं, ढेकर काढणं, लंगोट, हे बाकीच्यांचं.

डब्याबद्दल विचारलं होतं. आटतं ते डब्याने नाही, डबा दिला म्हणून छाती रिकामी केली नाही तर आटतं. तुमचं काढून कमी पडलं तर डॉक्टरांनी सांगितलेलं तेवढं बिनधास्त द्या, भुकेलं बाळ नीट चोखू पण शकत नाही. फक्त पाणी उकळलेलं, पावडरीचा चमचा डब्यावर लिहिल्याप्रमाणे काठोकाठ सपाट, पैसे वाचवायला पातळ करायचं नाही. पाणी घातलेलं गाईचं म्हशीचं दूध अजिबात नको. एक आठवण म्हणून सांगते, आपल्याकडे १९९२ पासून कायदा आहे, डब्याच्या दुधाची जाहिरात करायला बंदी आहे, त्यामुळे कुणी फुकट सॅम्पल हातात ठेवलं तर ते घेऊ नका.

किती लागतं याचा अंदाज हवा म्हणून: या वयाला साधारण वजनाच्या किलोमागे दीडशे मिली दिवसाला, म्हणजे तुमच्या लेकीला चारशेच्या आसपास सगळं मिळून. त्यातलं बरंचसं ती आता अंगावरूनच घेईल.

---

गोदाकाठ
मधाचं मला खरंच माहीत नव्हतं. पण बाळंतिणीचं खाणं तरी सोडू नका हो, तेही खोटं म्हणाल का?

---

रातपाळी
नाही हो, खोटं का म्हणू. अळीव, डिंक, खसखस, तूप, मेथी, सगळं खाऊ दे, पाजणाऱ्या बाईला रोज सहाशेएक कॅलरी जास्त लागतात आणि आपल्या जुन्या बायकांनी त्या लाडवात बरोबर बसवल्यात. लोह पण आहे अळिवात. माझं म्हणणं एवढंच की लाडू आईची ताकद भरतो, दूध वाढायला ते निघावं लागतं. आणि ताक, केळी, भाज्या, डाळी बंद करायचं काही कारण नाही, उलट पहिले चाळीस दिवस नुसत्या भात-तुपावर ठेवलेल्या मुली आमच्याकडे चक्कर येऊन परत येतात. पाणी तहान लागेल तेवढं, पाजायला बसताना तांब्या शेजारी ठेवायचा.

---

पारिजातक
अपडेट द्यायला उशीर झाला, लिहायला हात मोकळा मिळत नाही. चौथ्या दिवशी २.८९ भरली आणि परवा ३.०२!! लघवीचा रिपोर्ट नॉर्मल. लंगोट मोजता मोजता पुरेवाट झालीय, आई म्हणते पावसाळा असता तर काय केलं असतं. डबा पहिले दोन दिवस रात्रीचाच लागला थोडा, आता माझंच पुरतंय. पहाटे एकदा चाळीस मिली निघालं तर मी नवऱ्याला फोटो पाठवला 😄 डावीकडची चीर भरत आलीय, डॉक्टरांनी पाजून झालं की स्वतःचंच दूध लावून वाळू द्या सांगितलं तेवढंच केलं. आशाताई पण येऊन गेल्या, त्यांचा आणि दवाखान्याचा काटा चाळीस ग्रॅमने वेगळा आहे त्यामुळे आता फक्त दवाखान्याचाच धरतोय. त्यांनी व्हिटॅमिन डीचे थेंब चालू आहेत का विचारलं, रोजचे ४०० युनिट, ते आधीपासून देतोय.

मावशींशी जरा वाजलं धुरीवरून. आता मालीश करतात, धुरी नाही, पण रोज एकदा ऐकवतात.

संध्याकाळी सहा ते दहा मात्र सोडतच नाही मला, सलग. हे परत दूध कमी पडतंय असं तर नाही ना?

---

उंबरठा
वा वा! ३.०२ म्हणजे मस्तच. संध्याकाळचं ते नॉर्मल आहे गं, या वयात बरीच बाळं संध्याकाळी थोड्या थोड्या वेळाने सारखी पितात, रात्रीची भरणी करतात असं समज. बाकी दिवसभर घोट ऐकू येतात, लंगोट भिजतात, वजन वाढतंय, मग संध्याकाळी टीव्ही लाव आणि बस.

---

काजवा
माझी पण डिलिव्हरी पुढच्या महिन्यात आहे म्हणून सगळं वाचून काढलं. पण हे वरचं दूध बंद कधी आणि कसं करायचं? एकदम बंद केलं तर परत वजन नाही का उतरणार?

---

रातपाळी
एकदम नाही करायचं. रोजची वाढ पंचवीस-तीस ग्रॅमवर टिकली आणि बाळ पिऊन झाल्यावर हाताच्या मुठी सोडून सैल पडायला लागलं की डॉक्टरांना विचारून दिवसातल्या एका फीडचं वरचं काढायचं, शक्यतो सकाळचं, तेव्हा छाती भरलेली असते. तीन-चार दिवसांनी त्याच काट्यावर वजन. ठीक असेल तर अजून एक काढायचं. संध्याकाळचं सगळ्यात शेवटी. दूध काढणंही तसंच हळूहळू कमी करायचं, नाहीतर गाठी येतात. आणि तुम्हाला वेळ आहे तर आत्ताच दवाखान्यात विचारून ठेवा की सिझर झालं तरी पहिल्या तासात बाळ छातीला देतात का, आणि वॉर्डात पकड कोण दाखवतं. पारिजातक, लेकीला जागवून पाजायचं आता डॉक्टर म्हणतील तेव्हाच थांबवा, रात्रीचे तीन तास अजून काही दिवस धरून ठेवा.